आधी नकाशा, मग फी



या आठवड्याच्या टपालात एका तालुक्याच्या गावाहून चार पानी पत्र आलं आहे. पत्र लिहिणारी भगिनी ३४ वर्षांची. भूगोल घेऊन बी. ए. झाली आणि त्याच वर्षी लग्न झालं. थोरला मुलगा सातवीत, धाकटी तिसरीत. यजमान पतपेढीत नोकरीला, घरात सासूबाई. ती लिहिते:

“मुलं शाळेत गेली की साडेअकरा ते साडेचार हा वेळ माझा असतो. जिल्ह्याच्या गावी जी. आय. एस.चा क्लास निघाला आहे. सहा महिन्यांचा कोर्स, फी ५५ हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. माझे भिशीचे ६० हजार पुढच्या महिन्यात हातात येतील. हे म्हणतात, ‘ह्या वयात कॉम्प्युटर शिकून तू काय करणार?’ सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणंही मला समजतं. पंधरा दिवसांत फी भरली तर पाच हजार सूट आहे. भरू का?”

“भरू का?” या दोन शब्दांखाली तिनं दोनदा रेघ ओढली आहे. म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागाहून सांगते. ताई, पंधरा दिवसांत भरू नका. तीन महिने थांबा. भिशीचे पैसे बँकेत राहू द्या आणि हे तीन महिने आज सांगते ते घरी करून पाहा. मग भरायचे की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

ही विद्या आहे तरी काय?

जी. आय. एस. म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. भरतकामाचा नमुना कापडावर उतरवायला आपण ट्रेसिंग पेपर घेतो ना? समजा, आपल्या गावाचे असे चार ट्रेसिंग पेपर आहेत. एकावर फक्त रस्ते, दुसऱ्यावर घरं, तिसऱ्यावर पाण्याची पाइपलाइन, चौथ्यावर नाले. चारही एकाच मापाचे. एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले की कुठल्या घरांपर्यंत पाइप पोचला नाही आणि कुठे पाइप नाल्यातून गेला आहे, ते एका नजरेत दिसतं. हेच काम कॉम्प्युटरवर होतं. शिवाय प्रत्येक घरामागे वाण्याच्या खातेवहीसारखी एक ओळ असते: घर नंबर, मजले, घरपट्टी, नळाचं कनेक्शन. “नळ नाही आणि नाल्यापासून ५० मीटरच्या आत आहेत अशी घरं दाखव,” म्हटलं की तेवढीच घरं रंगून येतात.

एकावर एक कागद ठेवण्यातून काय निघू शकतं, याची एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या वेधशाळेत मेरी थार्प नावाच्या बाई नकाशे काढीत. समुद्राची खोली मोजणाऱ्या जहाजांवर तेव्हा बायकांना घेत नसत. पुरुष सहकाऱ्यांनी आणलेले आकडे घेऊन त्या टेबलाशी बसून समुद्रतळाचे उभे छेद काढीत. १९५२-५३ च्या सुमारास त्यांना दिसलं की अटलांटिकच्या तळाशी जी डोंगररांग आहे तिच्या माथ्यावरून एक खोल दरी गेली आहे. तळ दुभंगतो आहे, याची ती खूण होती. त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन यांनी ती ‘बायकी बडबड’ म्हणून उडवून लावली. थार्पबाईंनी वाद न घालता आकडे पुन्हा तपासले. त्याच खोलीत दुसरा एक सहकारी समुद्रातल्या भूकंपांच्या जागा त्याच मापाच्या कागदावर मांडत होता. दोन्ही कागद काचेच्या टेबलावर खालून दिवा लावून एकावर एक ठेवले, तर भूकंपांचे ठिपके नेमके त्या दरीत पडले! पुढे हीझेनही पटले. १९५७ साली उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा निघाला आणि १९७७ साली साऱ्या महासागरांचा.

“ह्या वयात काय करणार?” असं कुणी म्हटलं की थार्पबाईंसारखंच करावं. शब्दाला शब्द न देता नकाशा पुढे ठेवावा.

काम आहे, पण कसलं?

आता व्यवहाराचं बोलू. काम पुष्कळ आहे, ते क्लासवाले खोटं सांगत नाहीत. घरपट्टी आकारायला नगरपालिकांना घरांचे नकाशे लागतात. पाणीपुरवठा, वीज, मोबाइलचे मनोरे, पीक, जंगल, पूर, सगळीकडे आता नकाशा लागतो. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारनं ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. तिच्यात ड्रोननं गावठाणांचे फोटो घेऊन घराघराची हद्द आखतात आणि मालकाला मिळकत पत्रिका देतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरचे जुने निर्बंध बरेच सैल झाले आणि भारतीय कंपन्यांना हे काम करणं सोपं झालं. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं.

पण पहिल्या नोकरीत नवख्या मुलीला काय करावं लागतं, हे जाहिरातीत लिहीत नाहीत. बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती ‘डिजिटायझिंग’नं, म्हणजे फोटोत दिसणारं छप्पर, रस्ता, बांध माउसनं गिरवत जायचं. दिवसाला इतकी घरं असा हिशेब ठरलेला असतो. मान अवघडते, डोळे चुरचुरतात, आणि पगार सुरुवातीला बेताचाच असतो. मग चांगली नजर असेल तर दुसऱ्यांचं काम तपासण्याचं काम मिळतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे माहितीवरून निष्कर्ष काढणं, आणि त्यापुढे प्रोग्रॅम लिहिणं. बरीच कामं सरकारी कंत्राटावर चालतात. कंत्राट संपलं की नोकरीही संपू शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे काम मुख्यतः पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद अशा शहरांत आहे. घरी बसून करता येणारं काम मिळतं, पण पहिल्याच दिवशी नव्हे. दुसऱ्याची माहिती घरी न्यायला पुष्कळ कंपन्या परवानगी देत नाहीत. ताई, तुमच्या क्लासनं नोकरीची हमी दिली आहे खरी. पण ती नोकरी हैदराबादला निघाली तर? दोन मुलं आणि सासूबाई सोडून तुम्ही जाणार आहात का? गेला नाहीत तर “आम्ही दिली होती, तुम्हीच घेतली नाही” असं म्हणायला ते मोकळे.

म्हणून क्लासच्या ऑफिसात जा आणि हे विचारा. विचारायला लाजू नका. साडी घेतानासुद्धा आपण पदर उलगडून बघतोच की!

१. हमी लेखी देता का? कुठल्या गावी, किती पगाराची, किती मुदतीची?
२. मागच्या तुकडीतल्या दोन मुलींशी बोलता येईल का?
३. शिकवणारे स्वतः कुठल्या प्रकल्पावर काम केलेले आहेत?
४. कुठलं सॉफ्टवेअर शिकवणार? ते घरी सरावाला मिळेल का?
५. कोर्स मधेच सोडावा लागला तर फीचं काय?
६. प्रमाणपत्र कुणाचं? क्लासचं स्वतःचं, की एखाद्या विद्यापीठाचं?

सहापैकी चार प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर चहा घ्या आणि परत या.

घरचे तीन महिने

आता खरी गोष्ट. या विषयाची पहिली पायरी चढायला एक पैसाही फी लागत नाही. ‘क्यू. जी. आय. एस.’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ साली ते सुरू केलं, आणि आज देशोदेशीचे लोक मिळून ते वाढवतात. ते उतरवून घेणं, वापरणं, त्यावर पैसे मिळवणं, सगळं मोफत आणि कायदेशीर. मोठ्या ऑफिसांत ‘आर्क जी. आय. एस.’ही असतं, ते विकतचं आहे आणि जॅक व लॉरा डेंजरमंड या नवरा-बायकोनं १९६९ साली काढलेल्या कंपनीचं आहे. पण स्टोव्हवर स्वयंपाक येणारीला गॅस शिकायला कितीसा वेळ लागतो? एक आलं की दुसरं येतं. घरात मुलांचा लॅपटॉप असेल आणि त्याला ८ जीबी रॅम असेल, तर सुरुवातीला पुरे.

मेनू इंग्रजीत आहे म्हणून घाबरू नका. रोज लागणारे शब्द फार तर ५० असतील. एका वहीत डावीकडे शब्द आणि उजवीकडे त्यानं काय होतं ते मराठीत लिहा. पंधरा दिवसांत वहीची गरज उरणार नाही.

पहिला महिना. आपला स्वतःचा वॉर्ड घ्या, फार तर शंभर घरं. मागे ओपनस्ट्रीटमॅप लावता येतो. २००४ साली सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी काढलेला हा नकाशा आहे. आपल्या इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून आहे, त्यावर उपग्रहाचे फोटो पाहा. मग तीन गोष्टी काढायला शिका: ठिपका, रेघ आणि बंद आकृती. नळकोंडाळं म्हणजे ठिपका, गल्ली म्हणजे रेघ, घर म्हणजे बंद आकृती. सगळं जग या तिनांत बसतं. प्रत्येकाची खातेवही उघडा आणि दोन-तीन रकाने भरा. एक लक्षात ठेवा, परवाना पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या नकाशावरून गिरवू नका. ती चोरी ठरू शकते.

दुसरा महिना. चपला घाला आणि बाहेर पडा. घरी काढलेल्या नकाशाची छापील प्रत हातात घेऊन गल्लीगल्लीत जा आणि चुका लाल पेन्सिलीनं खुणवा. तुम्ही घर म्हणून काढलेलं गोठा निघेल. रस्ता म्हणून काढलेला कुणाच्या अंगणातून जाणारा बोळ निघेल. ‘क्यूफील्ड’ नावाचं मोबाइलवरचं साधन घेतलं, तर जागेवर उभं राहूनच ठिपका टाकता येतो. एकटीनं फिरू नका, शेजारणीला बरोबर घ्या. कुणाच्या दाराशी थांबलात तर काय करता आहात ते आधी सांगा. आणि माणसांची नावं, फोन नंबर नकाशावर अजिबात घालू नका.

या फिरण्याचा कंटाळा करू नका, कारण सगळी विद्या इथेच आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांना संशय होता की रोग पाण्यातून पसरतो. तेव्हा बहुतेकांचा समज होता की तो दूषित हवेनं होतो. डॉक्टर घरोघर फिरले, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला. नंतर त्यांनी प्रत्येक मृत्यूची एकेक काळी रेघ घरावर मांडून नकाशा केला, तो आजही अभ्यासात लावतात. पण एक मृत्यू त्या रेघांच्या गर्दीत नव्हता. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई त्याच रोगानं गेली होती. चौकशी केली तेव्हा कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती तिथून रोज पाणी मागवीत असे. नुसता नकाशा पाहणाऱ्याला हे कधी कळलं नसतं. दारात जाऊन विचारलं म्हणून कळलं.

तिसरा महिना. आता नकाशाला एक प्रश्न विचारा, एकच. अंगणवाडीपासून ३०० मीटरच्या बाहेर किती घरं आहेत? किंवा रेशन दुकान कुठल्या गल्लीला सर्वांत लांब पडतं? यासाठी ‘बफर’ म्हणून सोय आहे; ठिपक्याभोवती हव्या त्या अंतराचं वर्तुळ काढते.

इथे नवी मुलगी हमखास एक चूक करते. मोबाइलवरून येणारी जागा अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत असते. ती तशीच ठेवून ३०० लिहिलं, तर कॉम्प्युटर ३०० अंश धरतो. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर! वर्तुळ अख्ख्या पृथ्वीला गिळून बसतं. ही चूक तरी दिसते. काही चुका दिसतसुद्धा नाहीत. म्हणून आधी नकाशा मीटरच्या मापात बदलून घ्यायचा. त्यासाठी पृथ्वीचे ६-६ अंशांचे ६० पट्टे केले आहेत. त्या पद्धतीला यू. टी. एम. म्हणतात. ७२ ते ७८ रेखांश हा ४३ वा पट्टा. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, अमरावती त्यात येतात. ७८ ते ८४ हा ४४ वा. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गोंदिया त्यात. आपलं गाव कुठल्या पट्ट्यात येतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एवढी काळजी का, तर नकाशावरची रेघ ही नुसती रेघ नसते. मिळकत पत्रिकेवरची हद्द दोन फूट सरकली तर दोन भाऊ कोर्टात जातात. पाइपची रेघ चुकली तर भलताच रस्ता खणला जातो. गहू निवडताना खडा राहिला तर घास बिघडतो. इथे एखाद्याचं घर बिघडतं. तपासून पाहायची सवय हाच या धंद्यातला खरा दागिना आहे, आणि तो भिशीच्या पैशानं विकत मिळत नाही.

शेवटी नकाशा नीट छापा. वर नाव, उत्तर दिशेचा बाण, मोजपट्टी, खुणांचा खुलासा, माहिती कधी व कुठून घेतली ती ओळ, आणि खाली तुमचं नाव. नोकरी देणारा माणूस क्लासच्या प्रमाणपत्राआधी हा कागद हातात घेईल. “हे घर इथे कशावरून?” असं विचारील. आणि तुम्ही म्हणाल, “मी तिथे जाऊन आले.”

त्यानंतर काय?

तीन महिन्यांत दोनच गोष्टी होतील. एक तर कंटाळा येईल. मग तुमचे ५५ हजार वाचले आणि कुणाचं बोलणंही ऐकावं लागलं नाही. कंटाळा येणं हा काही गुन्हा नाही. किंवा रात्री भांडी आवरल्यावरही लॅपटॉप उघडावासा वाटेल. मग पुढचं शिक्षण जरूर घ्या. देहरादूनची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग ही इस्रोची संस्था घरबसल्या करता येणारे छोटे कोर्स विनामूल्य घेते. आधी तिथे नाव घाला. पदवीनंतर रीतसर शिकायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग आहे, पुण्यातच सिंबायोसिसची या विषयाची स्वतंत्र संस्था आहे. आपल्या राज्याचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपूरला आहे. तिथल्या जागांच्या जाहिरातींवर नजर ठेवा आणि त्यांत काय काय येणं मागितलं आहे ते वहीत उतरवा. ती यादी म्हणजेच तुमचा पुढचा अभ्यासक्रम. आणि तरीही जिल्ह्याचा तो क्लासच बरा वाटला, तर त्या सहा प्रश्नांची उत्तरं घेऊन खुशाल भरा. तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक नसाल, जाणकार असाल. पाच हजारांची सूट गेल्याची हळहळ वाटायला नको. घाई करायला लावणारी सूट फार वेळा पुन्हा मिळते.

भूगोलाची पदवी नाही म्हणून इतर मैत्रिणींनी मागे सरू नये. शेतकी, कॉमर्स, सिव्हिल, सगळीकडच्या मुली या कामात आहेत. ज्या विषयाची माहिती असेल त्याचा नकाशा आधी काढावा, एवढंच.

ताई, आता घरातलं. यजमानांशी आत्ता वाद नको. “तीन महिने पैसे लागणार नाहीत, फक्त दुपारी लॅपटॉप लागेल,” एवढंच सांगा. पतपेढीतल्या माणसाला हा हिशेब लगेच पटेल. आणि सासूबाईंच्या न बोलण्याचा तुम्ही लावला तोच अर्थ असेल असं नाही. त्यांना एक काम सांगून पाहा. वॉर्डात पूर्वी विहिरी कुठे कुठे होत्या, कुठल्या बुजवल्या, कुठलीला उन्हाळ्यातही पाणी असे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एका दुपारी छापील नकाशा त्यांच्यासमोर पसरा आणि हातात लाल पेन्सिल द्या. अशी माहिती नगरपालिकेच्या दप्तरात सापडेलच असं नाही.

तीन महिन्यांनी पत्र पाठवा. नकाशाची घडी घालून त्याच पाकिटात ठेवा. विहिरींचे ठिपके लाल असू द्यात.